कापसाचे दोन कोट

उस्ताद, पुढच्या मंगळवारी मी चाचींना घेऊन हेमकुंड साहिबच्या गुरुद्वाऱ्याला निघतो आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हा दोघांच्या घरात ज्या प्रवासाचं नुसतं बोलणंच होत राहिलं, तो आता तिकिटांसकट ठरला आहे. आदिलाबादहून नांदेड, नांदेडहून दिल्लीची गाडी, मग हरिद्वार, मग दिवसभराची बस, आणि गोविंदघाटापासून पुढे डोंगर. आपल्याकडे अजून कापसाची पहिली वेचणी व्हायची आहे, दुपारी दुकानात पंखा लागतो. तिथे मात्र हिवाळा लागला आहे. मी रोज सकाळी तिथल्या सराईत फोन करून विचारतो. काल वर वीतभर बर्फ पडला म्हणे, आणि थोड्याच दिवसांत गुरुद्वाऱ्याचे दरवाजे बंद होतील ते थेट उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे जायचं तर आत्ताच. चाचींचे गुडघे पुढच्या वर्षापर्यंत थांबतील असं त्या स्वतःही म्हणत नाहीत. पोळ्याच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "तू नेतो का मले? नाही म्हणायचं तर आत्ताच म्हण, उगाच झुलवत नको ठेवू." मी हो म्हटलं, आणि त्याच रात्री सामानाची यादी करायला बसलो.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. शेजारच्या तामसीच्या बसमध्ये बसल्यावरही कुलूप पाहायला परत उतरणारा मी. आताही प्रत्येक पिशवीवर मी चिठ्ठी शिवली आहे, आत काय आहे ते मराठीत आणि खाली हिंदीत. गोळ्यांची नावं डब्यांवरून अक्षर अन् अक्षर ताडून लिहिली. चाची त्या चिठ्ठ्या पाहून म्हणाल्या, "अरे, बर्फावर कोण वाचणार आहे हे? घोडा?" चढाची सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर नेतो आणि पुलाचा जिना चढवतो, उतरवतो, पुन्हा चढवतो. पहिल्या दिवशी चहावाला ओरडला, "चाची, गाडी तर केव्हाच गेली!" चाची कठड्याला धरून उभ्या राहिल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. मी गाडीसाठी नाही आली, डोंगरासाठी आली." आता तो रोज त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा बाजूला ठेवतो. शेवटची चढण त्या घोड्यावरूनच जाणार आहेत, पण घोड्यावरून उतरल्यावर चार पावलं आपली असावीत असं त्यांना वाटतं.

या तयारीत तुमची आठवण येते ती बहुतेक दुकानातली. मी नववीत शाळा सोडली, मराठीतून एकदम तेलुगू माध्यमात बसवल्यावर फळ्यावरचं काहीच कळेना म्हणून. वडिलांनी मला तुमच्याकडे आणून उभं केलं. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीतलं ते रजयांचं दुकान, दारात पिंजलेल्या कापसाचा ढीग, आणि ढिगामागे निळी पगडी बांधून बसलेले तुम्ही. मला वाटलं सुई हातात द्याल. तुम्ही मूठभर कापूस दिला आणि म्हणालात, "डोळे मीट. गालाले लाव. ओला का कोरडा?" मला काही कळलं नाही. पंधरा दिवस तुम्ही मला दुसरं कामच दिलं नाही. सकाळचा कापूस, दुपारचा कापूस, पाऊस येऊन गेल्यावरचा कापूस. सोळाव्या दिवशी मी बरोबर सांगितलं, तेव्हा तुम्ही फक्त "बस इथं" म्हणालात, आणि मी गादीच्या त्या टोकाला बसलो, जिथे आज माझी मशीन आहे.

आणि तो दिवस. इंद्रवेल्लीकडच्या एका लग्नघरासाठी चार रजया द्यायच्या होत्या, आभाळ भरून आलेलं, आणि मी घाईत सादळलेला कापूस भरून एक रजई टाचून टाकली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही ती हातात घेतली, एकदा वजन केल्यासारखी हलवली, आणि पात्याने उभी उसवलीत. सगळा कापूस बाहेर. मी रडायच्या बेतात होतो. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "काऊन रे, थंडीत माणसाले मारायचं हाय का? ओला कापूस ऊब देत नाही, ऊब पितो. अंगातली पितो." मग गिऱ्हाइकाला हात जोडून दोन दिवस मागून घेतलेत, चूक आपली म्हणून सांगितलीत. माझं नाव घेतलं नाहीत. मी आज जो काही कारागीर आहे, तो त्या उसवलेल्या रजईतून झालेला आहे. इतकं नीट, इतकं कमी शब्दांत शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, शाळेत तर नाहीच.

आता त्या दोन कोटांचं सांगतो. तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात तुम्ही ठरवलं होतं की येत्या मोसमात दोघांनी हेमकुंडला जायचं, आणि थंडीसाठी कापूस भरलेले दोन कोट शिवायचे, एक तुमचा आणि एक चाचींचा. कापड तुम्ही आणलं, माप तुम्ही घेतलं, बेतलं तुम्ही. पण तोवर तुमचे हात थरथरू लागले होते. सुईत दोरा जाईना. दुपारी दार ओढून घेऊन तुम्ही मला म्हणालात, "तू शिव. मी पाहतो. घरी सांगू नको, तिले वाटू दे माझ्याच हातचं हाय." महिनाभर मी शिवत राहिलो. तुम्ही शेजारी बसून प्रत्येक ओळीवरून अंगठ्याचं नख फिरवायचात. "उसव." पुन्हा. "उसव." चाचींच्या कोटाची कॉलर मी तीनदा उसवली. चौथ्यांदा तुम्ही नख फिरवलं आणि काही बोलला नाहीत, नुसती घडी घातलीत. ते कोट घरी गेले, आणि मोसम येण्याआधी तुम्ही गेलात. चाचींनी दोन्ही कोट कडुलिंबाच्या पाल्यात ठेवले. दर थंडीत उन्हात टाकतात, काठीने हलकं झोडतात, पुन्हा ठेवतात. गल्लीत कोणी आलं की दाखवतात, "पाह्य, हात कापत होते तरी टाका कसा सरळ हाय."

यंदा त्यांनी तुमचा कोट मला दिला. म्हणाल्या, दोघंही त्यांच्या हातचं घालून जाऊ. मला इतका अभिमान वाटला, उस्ताद, की मी गरम कपड्यांचा विचारच सोडून दिला. कापसाच्या मुलखातले आपण, थंडी म्हटलं की हात कापसाकडेच जातो. शंका कशी येणार?

ती आणली बँकेच्या दारावरच्या वॉचमनने. ते फौजेतून निवृत्त झालेले, बरीच वर्षं त्याच डोंगरांत काढलेली. मी त्यांना बूट कसे घ्यावेत ते विचारायला गेलो होतो. कोटाचं ऐकल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "काटन नक्को, भाई. बिलकुल नक्को. चढते चढते पसीना आता, ऊपर से बर्फ का पानी, और काटन सब पी लेता. फिर वो सूखता नहीं. ठंड उधर से नहीं आती, तुम्हारे कपडे से आती." मी थोडा वाद घातला, आमचा कोट जाड आहे म्हणालो. ते म्हणाले, जितका जाड तितका वाईट. परत येताना मला तुमचंच वाक्य ऐकू येत होतं, ऊब पितो, अंगातली पितो. जे तुम्ही मला पहिल्या वर्षी शिकवलं, ते आपण दोघंही त्या कोटांच्या वेळी विसरलो होतो. तिथल्या धुक्याचा, घामाचा, भुरभुरत्या बर्फाचा आपल्याला अंदाजच नव्हता. आपण आदिलाबादच्या कोरड्या थंडीसाठी शिवलं होतं.

मी दोन जाकिटं मागवली, आतून लोकरीसारखी आणि वरून पाणी न शिरणारी. काल ती घेऊन चाचींकडे गेलो. त्यांनी जाकीट दोन बोटांनी उचललं, कोपराजवळ चोळलं. "हे काय? ताडपत्री?"

मी सगळं समजावलं. वॉचमनचं सांगितलं. माझ्या अंगावरच्या कोटाची बाही बादलीत बुडवून दाखवली, पंख्याखाली बसलो, मग त्यांचा हात धरून त्या अजून ओल्या, गार बाहीवर ठेवला. त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "मले शिकवतो का कापूस? तुझ्या जन्माआधीपासून गच्चीवर वाळवून राह्यली मी."

"चाची, तिथं वाळवायला ऊन नाही."

"नसू दे. त्यांनी कापत्या हातानं शिवलं, ते घालून जाईन. नाहीतर जातच नाही. तिकिटं परत कर."

मला माहीत होतं की त्या खरंच जाणार नाहीत, आणि गेल्या तर तो कोट घालूनच जातील. घोड्यावर तासन् तास बसून, ओल्या कोटात, सत्तरीची बाई. आणि त्याच वेळी एक सोपं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. "चाची, हा कोट उस्तादांनी शिवलेला नाही, मी शिवला आहे." एवढं म्हटलं असतं तर सगळा हट्ट तिथेच संपला असता. माझ्या हातच्या कोटासाठी कोणी जीव धोक्यात घालत नाही. तोंड उघडलं. आणि जे निघालं ते असं निघालं, "उस्ताद चुकले होते, चाची. त्यांना सगळं माहीत होतं, पण तिथली थंडी माहीत नव्हती. या कोटाच्या बाबतीत ते चुकले." तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर, मी आवाज चढवून हे बोललो.

चाचींनी कोट मांडीवर घेतला, कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "चुकले तर चुकले. एवढं रागावून काय बोलतो? तेही एखादवेळी चुकत होते. माझ्याशी लग्न करताना सोडून." मला हसू आलं नाही, त्यांना आलं. नंतर म्हणाल्या, "आण तुझी ताडपत्री. चेन कशी लावायची ते दाखव. हा गाडीत पांघरीन, दिल्लीपर्यंत. तिथं तर बर्फ नाही ना?" मी नाही म्हटलं.

हे पत्र तिथल्या गुरुद्वाऱ्याशेजारच्या तळ्यात सोडावं असं आधी मनात होतं, पण त्या पाण्यात लोक अंघोळ करतात, कागद टाकणं बरं नाही. ते मशीनच्या खणातच राहील. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. घरी सांगू नको हा तुमचा शब्द मी पाळला असं कोणी म्हणेल, आणि कालपासून मीही स्वतःला तसंच सांगतो आहे. ते पूर्ण खरं नाही. अकरा वर्षं चाची ती कॉलर लोकांना दाखवतात आणि म्हणतात, असा टाका आता कोणाचा पडत नाही, आणि माझ्याच टाक्याचं ते कौतुक मी बाजूला गप्प उभा राहून ऐकतो. खरं सांगितलं असतं तर ते बंद झालं असतं. तेवढं ऐकणं मला सोडवलं नाही, उस्ताद, म्हणून मी तुम्हाला चुकीचं ठरवलं.