आईकडून आलेलं

काका, "तुझ्या आईच्या मुळाचा पत्ता नाही" हे तुम्ही परवा फोनवर पुन्हा ऐकवलंत, म्हणून हे मृत्युपत्र लिहावं लागतंय. मी शुद्धीवर आहे, प्यायलेलो नाही, कोणी धमकावलेलं नाही. घाबरलोय मात्र. उंच इमारतींच्या काचा पुसायला मी दोरावर लोंबकळतो. माझा जोडीदार मंगळवारी पडला, वाचला नाही. उद्या त्याच्याच जागी मला उतरवणार. दोर बदलून मागितला तर मुकादम म्हणाला, "मग घरी जा." खाटेवर बसून लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.

१. बाबांनी माझ्या नावे केलेलं दोन खोल्यांचं घर माझ्या पश्चात आईचं, तिच्यानंतर ताईचं. काकांचा त्यावर काडीचा हक्क नाही. सायकल ठेवून ठेवून बळकावलेली जिन्याखालची जागाही त्यांनी मोकळी करावी.

२. आमच्या खोलीवर एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, कोणाचे पूर्वज कुठून आले ते शोधणाऱ्या. गालातून कापसाच्या काडीने नमुना घेतला. आईकडून, तिच्या आईकडून, अशी फक्त बायकांमार्फत येणारी खूण तपासतात म्हणे. माझी दुर्मीळ निघाली. बाई म्हणाल्या, "हजारो वर्षांपूर्वी समुद्राच्या कडेकडेने आलेल्या बायकांची ही शाखा असावी. आम्हाला अशी तीनच माणसं सापडलीत, तुला धरून." मी खुशीत घरी सांगितलं, तर काका म्हणतात, "बघ, तुझी आई परकीच निघाली! बाहेरच्यांना घरात वाटा कसला?" काका, तुमच्या आईच्या आईची आई कोण? नाव तरी सांगता?

३. ही खूण कोणाला देता येते, बाईंना विचारलं. "पुरुषापाशी येते आणि थांबते," म्हणाल्या. म्हणजे ही एवढीच वस्तू मला कोणाच्या नावे करता येत नाही. ताईमध्ये ती आहेच. पण म्हणून मुलांसाठी तिच्या मागे कोणी लागू नये, तिचं ती बघेल.

४. बूट टकल्याला. हातमोजे फाटलेत, टाकून द्या. मुकादमाला काही नाही.

साक्षीदार: टकल्या, शेजारच्या खाटेवरचा (सही). खानावळीचा आचारी (अंगठा).

सही करताना टकल्या म्हणाला, "धडधाकट परत आलास तर फाडायचं का रे हे?" म्हटलं, "नको. घराचं असंच राहू दे."

ठिकाण: कामगारांची खोली, खिडकीजवळची खाट.
तारीख: ६ मार्च.
सही: ताईचा धाकटा भाऊ.

आई, माझं काही होण्याची वाट बघू नकोस. वकिलाला गाठून घरावर तुझं नाव आत्ताच लावायला घे. त्या खर्चासाठी आज पाठवतोय: एकोणीस हजार चारशे.