हाबरेक्टचा हिशेब चुकता

शनिवार, १० ऑगस्ट. सकाळी ६.१०. क्रिस्टल ब्रूक.
निघतोय. आठ माणसं, तीन गाड्या, सहा दिवस. क्लबच्या लेखी हा पक्षीनिरीक्षणाचा कॅम्प. माझ्या लेखी हाबरेक्टचा निकाल.

अकरा वर्षांपूर्वी उत्तरेच्या वाळवंटात, वाळूच्या टेकड्यांवर मी ग्रासरेन पाहिला. मुठीएवढा पक्षी, शेपूट उभी, गवतातून उंदरासारखा पळतो. लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात आणि हात हलवत परत येतात. मी रीतसर नोंद दिली. क्लबचा सेक्रेटरी मर्विन हाबरेक्ट याने लाल पेनने काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘चिमणी असावी.’ मी रेल्वेत चाळीस वर्षं सिग्नल तपासले आहेत. माझी नजर चुकत नाही.

संकल्प: १) त्याच टेकडीवर तोच पक्षी पुन्हा शोधणे. २) हाबरेक्टला तो दिसू न देणे. ३) शांत राहणे.

माझी बायको ग्लेनिस पहिल्यांदाच येतेय. तिला कावळा आणि मॅगपाय यापलीकडे पक्षी ठाऊक नाहीत. का येतेस विचारलं, तर म्हणाली, तुझ्याबरोबर कोणीतरी शहाणं माणूस असावं म्हणून.

रविवार, ११ ऑगस्ट. दुपारी ३.
लिंडहर्स्ट गावानंतर कच्चा रस्ता. माझी गाडी मुद्दाम सगळ्यांत पुढे घेतली. हाबरेक्टला शेवटी ठेवलं. दोनशे किलोमीटर माझी धूळ खाल्ली त्याने. फार बरं वाटलं.

पुढच्या गाडीला धारदार दगड आधी लागतात हे कोणी सांगितलं नव्हतं. टायर फाटला. जॅक घरी, गॅरेजमध्ये. हाबरेक्टने चाक बदललं, वीस मिनिटांत, सत्तराव्या वर्षी, मातीत पालथं पडून. मी टॉर्च धरला. भर दुपारी टॉर्च कशाला, असं ग्लेनिस म्हणाली.

शत्रूकडून काम करून घेणं हाही विजयच.

सोमवार, १२ ऑगस्ट. संध्याकाळी ६.
टेकड्यांजवळ तळ टाकला. माश्या नाकातोंडात. आज स्वयंपाकाची पाळी माझी. मटणाचा स्ट्यू केला. हाबरेक्टच्या ताटलीत वाढताना मिरचीपूड सढळ हाताने घातली. पाच चमचे.

त्याने तो संपवला. घाम पुसला. पुन्हा वाढून घेतला. म्हणाला, इर्मा अस्साच करायची रे, तिखटजाळ. इर्मा ही त्याची बायको, गेल्या मार्चमध्ये वारली. मग बराच वेळ तो शेकोटीकडे बघत बसला. ग्लेनिसने त्याला चहा नेऊन दिला. मला दिला नाही.

पक्षी: कावळे ४०, घार १. ग्रासरेन नाही. घाई नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट. सकाळी ११.
माझ्या टेकडीवर पहाटेपासून बसलो. काही नाही. वारा होता.

दुपारी ४.
अडचण. उद्या सकाळी सगळे माझ्याच टेकडीवर यायचं म्हणताहेत. सात माणसांच्या पायांनी पक्षी पळेल, किंवा त्याहून वाईट, हाबरेक्टला आधी दिसेल. डाव टाकला. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पश्चिमेकडची तिसरी टेकडी, कुंपणाचा मोडका खांब आहे तिथे, आज सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या टेकडीवर मी पाऊलही टाकलेलं नाही.

हाबरेक्ट म्हणाला, लिंडसे, हे तू मला सांगतोयस? म्हटलं, झालं गेलं विसरलो मी.

ग्लेनिसने विचारलं, खरंच पाहिलास का रे? माझ्यावर विश्वास नाही का, म्हणालो. म्हणाली, एकोणचाळीस वर्षांचा संसार आहे, म्हणून तर विचारतेय.

बुधवार, १४ ऑगस्ट. सकाळी ७.३०.
सगळे रांगेने पश्चिमेला गेले. ग्लेनिससुद्धा. मी माझ्या टेकडीवर. थर्मास, दुर्बीण, कॅमेरा. ते रिकाम्या हाताने परततील तेव्हा बोलायचं वाक्य तयार: ‘अरेरे, मर्विन. चिमणीसुद्धा नाही का दिसली?’

सकाळी १०.
एक सरडा.

दुपारी १२.४०.
आले. सातही जणांना दिसला. मोडक्या खांबापासून दहा पावलांवर, चांगली चार मिनिटं. सगळ्यांत आधी कोणाला दिसला? ग्लेनिसला. ती म्हणाली, मला वाटलं उंदीर आहे.

वाक्य बोलायला जमलं नाही, कारण हाबरेक्टने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या खिशात इर्माची वही होती. तिने जन्मभर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी, आणि शेवटच्या पानावर एकच रिकामी ओळ, या पक्ष्याची. आज त्याने तिच्या नावाने ती भरली. म्हणाला, हे तुझ्यामुळे झालं, लिंडसे. अकरा वर्षांपूर्वी मी चुकलो. तुझी जुनी नोंद क्लबच्या वहीत पुन्हा घालतो, कालचीही घालतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसने वाजवल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिली.

गुरुवार, १५ ऑगस्ट. सकाळी ९.
पहाटे एकटाच मोडक्या खांबापाशी गेलो. तीन तास. पावलांचे ठसे पुष्कळ, पक्ष्याचेही. पक्षी नाही.

रविवार, १८ ऑगस्ट. घरी.
हाबरेक्टने फॉर्म पाठवला. क्लबच्या वहीत ग्रासरेन दोनदा पाहिलेला एकमेव सभासद मी. दोन्ही वेळचं वर्णन हवं, रंग, चोच, छाती. अर्ध्या पानात.

सकाळभर टेबलाशी बसलो. शेवटी ग्लेनिसला विचारलं, छाती कशी होती गं? बटाटे सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. तांबूस पाठ, तिच्यावर पांढऱ्या रेघा, पोट फिकट, चोच जाड, करडी. मी अकरा वर्षांपूर्वी पाहिलेल्याच्या पाठीवर रेघा नव्हत्या. एकही नव्हती.

दुपारी २.
हाबरेक्टला फोन केला. म्हणालो, माझी जुनी नोंद राहू दे, काट मारलेली होती तशीच. आणि मंगळवारची काढून टाक, तिसऱ्या टेकडीवर मी गेलोच नव्हतो. नाव घालायचं तर ग्लेनिसचं घाल, तिला आधी दिसला.

तो मग म्हणाला, बायकोला मान मिळावा म्हणून माणूस स्वतःची नोंद खोटी ठरवतो, असं मोठं मन आजवर पाहिलं नाही. मी म्हणत होतो, अरे, खरंच सांगतोय. तो ऐकेना. पुढच्या वर्षीच्या ग्रासरेन कॅम्पचा प्रमुख म्हणून त्याने माझं नाव सुचवलंय. कमिटीने कालच मंजूरही केलं.

ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, मग त्याआधी एकदा जाऊन तो पक्षी बघून ये.