दोन कुलपांची पेटी

३ जून
बढती म्हणे! तळघरात पाठवलंय मला. जुन्या दाव्यांच्या पेट्या, धूळ आणि एक कुरकुरणारा पंखा. शिंकून शिंकून नाक लालभडक.

काम मात्र मजेदार. आमच्या कोर्टाची जुनी रीत — निकाल लागेपर्यंत वादातले पैसे आणि कागद लोखंडी पेटीत. पेटीला दोन कुलपं. एक चावी वादीकडे, दुसरी प्रतिवादीकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय उघडायची नाही! ज्या दाव्यांकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नाही, त्यांच्या पेट्या महिनाअखेरीस मुख्य खजिन्यात जाणार. "तिथून काही परत येत नाही," साहेब म्हणाले आणि चहाला गेले.

४ जून
शेवटच्या रांगेत आमचीच पेटी! बाबा विरुद्ध काका. आजोबांच्या घराचे कागद.

५ जून
जेवताना विषय काढला. "बाबा, कागद जातील. काकांना फोन करू?"

"पाणी दे," म्हणाले. संपला विषय!

मला सायकल शिकवली ती काकांनी. माझा गुडघा फुटला तेव्हा माझ्याआधी तेच रडले. पुढच्या महिन्यात माझं लग्न आणि ते येणार नाहीत? मला नाही चालायचं!

११ जून
आज धमाल! आपापल्या पणजोबांच्या भांडणाची पेटी उघडायला दोघं वारस आले — कोपऱ्यावरचे शिंपीकाका आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. भांडण एका छापखान्याचं. तो कधीच जमीनदोस्त झालाय, पण ऐट बघा! "आधी त्यांनी चावी लावावी." "मी का म्हणून? आधी त्यांनी!" शेवटी मीच ओरडले, "एक, दोन, तीन!" बाईंना शाळेची सवय — हात आपोआप फिरला. शिंपीकाका मागे राहतात होय?

आत कागदांचा भुगा आणि कधीच बंद झालेल्या नोटा. मग रिकाम्या पेटीवरून जुंपली! शिंपीकाकांना बटणं ठेवायला हवी, बाई म्हणतात झाकण माझं. शेवटी दोघांनीच उचलून वर नेली. एकट्याला झेपणारी नव्हतीच ती.

बाबांना सांगितलं तर पोट धरून हसले. मग एकदम ताटावरून उठले.

१९ जून
बाबांना न सांगता काकांना फोन केला. "काका, तुमची चावी घेऊन या ना."

बराच वेळ नुसतं खोकणं. मग म्हणाले, "माझ्याकडे चावी नाही गं, बाळा."

हरवली! वेंधळे ते वेंधळेच. असा राग आला! नंतर न्हाणीघरात जाऊन रडले.

२४ जून
साहेबांना विचारलं, कुलूप तोडता येईल का? "येईल की. दोघांनी मिळून अर्ज करावा." दोघांनी! घ्या!

२७ जून
स्कूटरची चावी शोधायला बाबांच्या कपाटात हात घातला. एका दोऱ्यात दोन चाव्या. दोन्हींवर आमच्या पेटीचा नंबर. एकीवर 'वादी', दुसरीवर 'प्रतिवादी'.

मागे बाबा उभे. "कोर्टाच्या पहिल्याच तारखेला हातात कोंबून गेला. म्हणाला, दादा, तूच घे सगळं."

"मग उघडली का नाहीत?"

"तो नाही, मग घर घेऊन करू काय?"

मी काकांचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशीच धरला. पलीकडून खोकला.

"अरे," बाबा म्हणाले, "तुझी चावी तू येऊन लाव."