मिरचीची वाट

मी, तापीबाई चुनीलाल पाटील, वय बाहत्तर, धंदा मिरचीचा व्यापार व मसाला गिरणी, राहणार नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. कोणी माझा हात धरलेला नाही. माझी छाती गेली आहे, डोकं गेलेलं नाही. तसा दाखला डॉ. दिलवरसिंग गिरासे यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते मुलाच्या भरवशावर केलं होतं, म्हणून ते रद्द समजावं.

मजकूर ॲड. भूपेश यांनी माझ्या सांगण्यावरून लिहिला. त्यांनी मध्ये मध्ये शब्द बदलले होते, ते मी परत माझे करून घेतले.

१. माझं माहेर प्रकाशाजवळचं, तापीकाठचं. नाव त्या नदीवरूनच ठेवलं. लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा सासरी शेती होती आणि माझ्या यजमानांना शेतीचा कंटाळा होता. मी ओली मिरची घेऊन वाळवून विकायला लागले. आधी घराच्या गच्चीवर, मग भाड्याच्या जागेत, मग शहराबाहेर नाल्याअलीकडे स्वतःची पथारी घेतली. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायची मोकळी जागा, हे बाहेरगावच्या कोर्टासाठी लिहिते. इथे ते शेंबड्या पोरालाही कळतं. ती जागा माझ्या कमाईची आहे. वडिलोपार्जित नाही, कोणी तसा दावा सांगू नये.

२. राहतं जुनं घर मुलगी चारुलता हिला द्यावं. ती शहाद्याला शिक्षिका आहे. घर गळतं, हे तिला माहीत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. ती भांडत नाही, पण मागेही हटत नाही.

३. मसाल्याची गिरणी, तिची यंत्रं आणि दोन्ही टेम्पो मुलगा नवनीत याला द्यावेत. गिरणी तो चांगली चालवतो. हातात कला आहे, तिखटाचा रंग नुसत्या वासावरून सांगतो. मी त्याच्यावर रागावले आहे. माया मात्र कमी झालेली नाही, आणि हीच माझी सगळ्यात मोठी अडचण आहे.

४. बँकेतली शिल्लक माझ्या दवाखान्यातून काही उरली तर नात रुचिका हिच्या शिक्षणाला द्यावी. तिला धंद्यात घालू नये. मिरचीने माझी छाती खाल्ली, तेवढं पुरे.

५. मी दोन वेळा नगरसेविका होते. पहिल्या वेळी जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून पुढाऱ्यांनी यजमानांना विचारलं. यजमानांनी मला विचारलं. मी म्हटलं, उभी मी राहणार असेन तर बसणारही मीच. त्या काळात जेवढ्या शाली मिळाल्या तेवढ्या ट्रंकेत आहेत. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना वाटाव्यात. लाकडी सन्मानचिन्हांचं सरपण करावं. माझ्या फोटोचं बॅनर चौकात लावू नये. पालिकेच्या सभागृहात शोकसभा घेऊ नये. जिवंतपणी मी बोलायला उठले की निम्मे सभासद चहाला जात, आता त्यांनी दोन मिनिटं उभं राहायची तसदी घेऊ नये.

६. आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते.

माझ्या पथारीच्या कडेने बारा फुटांची एक वाट नाल्याकडे जाते. नाल्यापलीकडे स्मशान आहे. पथारीलगतच्या वस्तीत मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया राहतात, बहुतेक भिल्लांची घरं. त्यांचं माणूस गेलं की याच वाटेने नेत. मी जागा घेण्याच्याही आधीपासून नेत. मी कधी हरकत घेतली नाही, घेण्याचा प्रश्नच नव्हता. वाटेच्या टोकाला लहानसा पूल आहे, तो मी नगरसेविका असताना भांडून बांधून घेतला.

यजमान गेल्यावर मी पथारी बक्षीसपत्राने नवनीतला दिली. ही वाट तेवढी माझ्या नावावर ठेवली. जागा बिगरशेती करायची म्हणून मोजणी आली, ती ऐन हंगामात. मोजणीदाराने वाटेवर बोट ठेवून विचारलं, "ही वाट कशाची?" वस्तीतली जाणती माणसं तिथे उभी होती. त्यांनी सांगितलं, "मिरचीनी वाट शे, साहेब. गाड्या येतस-जातस." आमच्याकडे मिरची पसरलेली असताना पथारीवर स्मशानाचा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. लक्ष्मी उघड्यावर पडलेली असते. ते लोक माझ्या मालाची काळजी घेत होते. मोजणीदाराने नकाशावर लिहिलं: गोदामाचा खाजगी रस्ता. एवढ्या एका चांगुलपणाने त्यांचा घात झाला.

नवनीतने पथारीचे प्लॉट पाडले. वसाहतीला नाव दिलं तापी रेसिडेन्सी. मी तेव्हा सुरतेला दवाखान्यात होते. परत आले तर वाटेवर लोखंडी गेट, वॉचमन, आणि कमानीवर माझं नाव.

त्याच पावसाळ्यात दिवाल्या गेला. माझ्याकडे देठ खुडणाऱ्या बायांची मुकादम रमिलाबाई, तिचा नवरा. सकाळी पाऊस लागलेला होता. तिरडी गेटाशी आली आणि वॉचमनने अडवली. रमिलाबाई त्याला म्हणाली, "उघाड ना रे भाऊ. भिजी ऱ्हायना तो." वॉचमनने नवनीतला फोन लावला. नवनीत म्हणाला, "वरला नालाथून लई जा म्हन त्यासले." वरच्या बाजूला पूल नाही. ते पाण्यात उतरले. मधोमध एका खांदेकऱ्याचा पाय घसरला आणि दिवाल्या तिरडीवरून वाहून गेला. दुपारी खाली बाभळीच्या जाळीत सापडला. बायको काठाने पळत होती, हे मला दुसऱ्या बायांनी सांगितलं. रमिलाबाईने आजवर मला यातलं अक्षर सांगितलेलं नाही. चौथ्या दिवशी ती कामावर आली.

मी नवनीतला बोलावलं. तो म्हणाला, "माय, दारम्होरथून रोज मढं गये ते प्लॉट कोन लेई?"

मी म्हटलं, "रोज? तुले काय वाटस, त्या लोके रोज मरतस?"

"तुले धंदा नही समजस, माय."

"तुन्हा बापले धंदा मीच शिकाडा रे."

त्याने गेट काढलं नाही. मी माणसं लावून काढायला गेले, तेव्हा प्लॉटवाले कोर्टात गेले. त्यांनी नकाशा दाखवला. वस्तीकडे दाखवायला काही नव्हतं. मेलेल्यांच्या पावत्या नसतात. निकाल लागेपर्यंत हुकूम झाला तो असा: गेट आहे तसं राहील, वाट फक्त प्लॉटधारकांनी आणि वाटेचे मालक, त्यांचे कुटुंबीय व त्यांच्याबरोबरची माणसं यांनी वापरावी.

हुकूम मी भूपेश वकिलांकडून तीनदा वाचून घेतला. तेव्हापासून वस्तीत कोणी गेलं की मला निरोप येतो. मी रिक्षात बसून तिरडीच्या पुढे जाते. गेट उघडावं लागतं, कारण मालकीण मी आहे आणि मागची माणसं माझ्याबरोबरची आहेत. थंडीत गेले, उन्हात गेले, सलाईन काढून गेले. प्लॉटवाले खिडक्या लावून घेतात. नवनीत म्हणाला, "लोके हसतस, माय. माजी नगरसेविका मढासंगे हिंडस म्हने." मी म्हटलं, हसू दे. निवडणुकीत जित्या माणसांमागे हिंडले तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

आता मला रिक्षात बसवत नाही. डॉक्टर स्पष्ट काही सांगत नाहीत, म्हणजे सांगण्यासारखं उरलेलं नाही. मला मरणाची भीती वाटत नाही असं लिहायला वकिलांनी सुचवलं होतं. ते खोटं होईल. वाटते. पण त्याहून मोठी भीती ही, की मी डोळे मिटले की वाट वारसाहक्काने नवनीतकडे जाईल, तो प्लॉटवाल्यांशी तडजोड करील, आणि पुढच्या पावसाळ्यात वस्तीतलं कोणीतरी पुन्हा पाण्यात उतरेल. यंदा वस्तीतली म्हातारी रंजनाबाई अंथरुणावर आहे. तिने मला निरोप पाठवला, तुम्ही आधी जाऊ नका म्हणून. असा निरोप मला दुसऱ्या कोणी पाठवलेला नाही.

७. म्हणून ही बारा फुटांची वाट, पुलापर्यंत, तिच्यावरच्या दाव्यासह आणि त्या दाव्यात माझ्या जागी उभं राहण्याच्या हक्कासह, मी रमिलाबाई दिवाल्या वळवी, धंदा मजुरी, हिला देते. चारुलताला देणार होते. पण चारुलता शहाद्याला असते, आणि कधीतरी भाऊ तिच्या दारात येऊन रडेल. रमिलाबाईच्या दारात तो जाणार नाही.

वकिलांनी विचारलं, उद्या तिला पैशाची अडचण आली आणि कोणी वाट विकत मागितली तर? मी त्यांना म्हटलं, कायद्याचं पुस्तक तुमच्याकडे आहे, मला काय विचारता. रमिलाबाई भिल्ल आहे, आणि आदिवासीच्या नावावर चढलेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. पालिकेत दहा वर्षं बसून मी एवढा एकच कायदा नीट शिकले, कारण तो चुकवायला येणारी माणसं माझ्याच जातीची, माझ्याच ओळखीची असत. नवनीत, तुला हे वाचून वाईट वाटेल. तुला घेता येऊ नये म्हणूनच मी तिला दिली आहे. दुसरा इलाज तू ठेवला नाहीस.

रमिलाबाईला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती नको म्हणेल आणि उगाच माझ्यापुढे रडेल, आणि आम्हा दोघींना ते जमत नाही. लाभ तिला होत असल्याने साक्षीदार म्हणून तिला बोलावता आलं नाही. ती बाहेर ओट्यावर बसून लसूण सोलते आहे.

८. कमानीवरचं माझं नाव काढावं. खर्च मी गेल्यावर माझ्या दागिन्यांतून करावा. उरलेले दागिने चारुलताचे.

९. अंत्यविधीबद्दल. मला गावातल्या मोठ्या स्मशानात नेऊ नये. या वाटेनेच न्यावं. खांदा देठ खुडणाऱ्या बायांच्या घरच्या माणसांनी द्यावा. अग्नी नवनीतने द्यावा. तो माझा मुलगा आहे आणि अग्नी दुसऱ्या कोणी दिलेला मला चालणार नाही.

मी श्वास सोडताक्षणी वाट रमिलाबाईची होते, हे वकिलांकडून पक्कं करून घेतलं आहे. त्यामुळे त्या दिवशी गेटातून जाताना मालकीण ती असेल आणि मी तिच्याबरोबरची. तिने तिरडीच्या पुढे चालावं. नवनीतचं घर आता गेटाच्या आत आहे, त्यामुळे येण्यापासून त्याला कोणी अडवू शकत नाही. तरी त्याने गेटाबाहेर यावं, अनवाणी, आणि आईला या वाटेने नेऊ का, असं रमिलाबाईला विचारावं. ती हो म्हणेपर्यंत माझी तिरडी उचलू नये. पाऊस असला तरी.

हे मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

(सही) तापीबाई चुनीलाल पाटील

वरील सही बाईंनी आमच्या डोळ्यांसमोर केली. मध्ये खोकला आल्याने त्या थांबल्या, पाणी घेतलं आणि उरलेलं आडनाव पूर्ण केलं. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळायचं नाही. बाईंच्या देखत आम्हीही सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. दिलवरसिंग गिरासे, नंदुरबार (सही)
२. हिलाल सुपडू माळी, निवृत्त पोस्टमास्तर, खांडबारा (सही)

ठिकाण: नंदुरबार
दिनांक: ९ जून २०२५