गाडी दीड इंचच उचलावी

मी, उद्धव संतराम गव्हाणे, वय सदुसष्ट, मूळ गाव तालुका केज, जिल्हा बीड, हल्ली मुक्काम काळेवाडी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणी भरीस न घालता, माझ्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सगळे ओके होईल, असे डॉक्टर म्हणतात. मी स्वतः एकतीस वर्षे, आधी भोसरीत आणि मग चाकणला, गाड्यांच्या स्प्रिंगा तपासून त्यांवर ओके लिहीत आलो. त्यामुळे कागदपत्र केलेले बरे.

१. काळेवाडीचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव माझी पत्नी सुमन हिला. तिच्या पश्चात मुलगा समर्थ व मुलगी निशिगंधा यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. घराखालच्या शेडमधील पत्रा कापायचा पॉवर प्रेस दिवसभर धाडधाड वाजतो. त्याविरुद्ध मी केलेल्या चौदा अर्जांच्या प्रतीही सुमनच्याच. रद्दीत घातल्या तरी माझी हरकत नाही.

२. मापाचा व्हर्निअर, बोल्ट ठरल्याइतकाच आवळणारा टॉर्क पाना आणि वजनकाटा बुद्धरत्न सोनकांबळे यास. तो बावीस वर्षे माझ्या शेजारच्या मशीनवर होता. बोल्ट घट्ट बसला तरी "राव, अजून थोडा" म्हणून आवळायची त्याची खोड आहे. पाना त्याला याच अटीवर की ती खोड सोडावी.

३. माझा चुलतभाऊ भैरू याने माझा जॅक सहा वर्षांपूर्वी नेला आहे. तो त्याने ठेवून घ्यावा. फक्त दर दिवाळीला "आणून देतो" म्हणणे बंद करावे.

४. आता गाडी. निवृत्त झालो तेव्हा जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. कारण सांगतो. एका दुपारी प्रेसच्या आवाजाने सुमनची झोप मोडली आणि ती म्हणाली, "एकदा अशा जागी निजायचंय जिथं काहीच वाजत नाही." एवढेच. पण ते माझ्या डोक्यात बसले. कच्छला मिठाचे पांढरे रण आहे, तिथे मैलोन्‌मैल काही नसते, असे ऐकून होतो.

गाडी तानुबाई कोकणे यांच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असते. रविवारी दुपारी मी तिच्यात नुसता जाऊन बसतो. इंजिन बंद. समोर प्लॉटची भिंत आहे. डोळे अर्धे मिटले की ती भिंत पांढरी होत जाते, मग लांब जाते, मग नसतेच. शेजारच्या सीटवर सुमन पाय वर घेऊन निजलेली असते. गाडी चालत असते पण आवाज येत नाही. असे किती तास गेले त्याची मोजदाद मी ठेवली नाही. माझ्या आयुष्यात न मोजलेली ही एकच गोष्ट.

५. तीन वर्षांपूर्वी समर्थने स्वतःच्या पगारातून गाडी चार इंच उचलून घेतली, खाली स्प्रिंगचे जाड पाटे टाकले आणि चिखलात चालणारे मोठ्या गुठळ्यांचे टायर बसवले. गाडी बघायला अर्धी गल्ली आली. सुमन नवे लुगडे नेसून आली. तिने दरवाजा धरला, डावा पाय उचलला, गुडघा वर जाईना. दोनदा प्रयत्न केला. मग हसून म्हणाली, "तुम्ही बापलेक जाऊन या."

तानुबाई म्हणाल्या, "आवं गव्हाणे, ही गाडी हाय का घोडा? बाईमानसानं चढायचं कसं?" लोक हसले. मी चारचौघांत समर्थला नको ते बोललो. आईचा गुडघा दिसत नाही का, इथपर्यंत बोललो.  पुढच्या महिन्यात तो वाकडला राहायला गेला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही.

६. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडले. पाटे किती जाड घ्यायचे हे गाडीत कायम किती वजन राहणार त्यावर ठरते. गॅरेजवाल्याने समर्थकडे वजनाची यादी मागितली होती. ती यादी मी केली होती. पाण्याचे कॅन, डिझेलचे कॅन, दोन स्टेपन्या, अडकलेली गाडी ओढायची विंच, टपावरचा कॅरियर, तंबू, अगदी मीठमिरचीचे डबेसुद्धा. एकूण साडेचारशे किलो. त्यातले निम्मे सामान आजवर घेतलेलेही नाही. रिकाम्या गाडीखाली तसले पाटे टाकले की ती दबत नाही, वरच राहते आणि खड्ड्यात उडते. चार इंचही मीच सांगितले होते, नाले ओलांडायचे म्हणून. कच्छच्या वाटेवर कुठले आलेत नाले!

सुमनला ती यादी नंतर सापडली. वाचून म्हणाली, "समदं हाय. माणसं कुठं हायेत?"

त्या दिवशी प्लॉटवर यादी समर्थच्या खिशात होती, माझ्या अक्षरातली. त्याने ती काढून दाखवली नाही. चूक माझी होती आणि मला याची फार लाज वाटते.

७. म्हणून गाडी समर्थला, पुढील सूचनांसह. जाड पाटे काढावेत. गाडी दीड इंचच उचलावी, त्याहून जास्त नाही. दाराखाली पायरी लावावी, ती सुमनचा पाय ठेवून ठरवावी, टेपने नव्हे. चिखलाचे टायर डांबरी रस्त्यावर घूं घूं करतात आणि आपला बहुतेक रस्ता डांबरीच आहे. तेव्हा सगळ्या रस्त्यांना चालणारे ऑल-टेरेन घ्यावेत. मिठावर उतरताना हवा थोडी कमी करावी. मी नसलो तर समर्थने आईला रणात न्यावे, तिथे दुपारी झोपू द्यावे, उठवू नये. पाट्यांसाठी वजन: सुमन एकसष्ट, समर्थ अठ्ठ्याहत्तर, सामान नव्वद. एकूण दोनशे एकोणतीस किलो.

८. वरील मजकूर बुद्धरत्नने आज मोठ्याने वाचून दाखवला. सुमन मेथी निवडत होती. सातव्या कलमाशी म्हणाली, "भाऊ, वजनाचं परत वाचा." त्याने वाचले. तिने फोन उचलला, समर्थला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"समर्थ, गाडीचे पाटे बदलायचेत, मंगळवारच्या आधी गॅरेजवाल्याला सांगून ठेव. आणि अण्णांचं वजन धर, बहात्तर. ते नसले तर मी येणार नाही."

 "अण्णा आहेत का तिथं?" तिकडून समर्थने विचारले.

"आहे," मी म्हणालो.

"धरतो बहात्तर," तो म्हणाला.

सबब कलम सातमधील एकूण वजन दोनशे एकोणतीसऐवजी तीनशे एक किलो असे वाचावे. ही दुरुस्ती मला मान्य आहे.

लिहून देणार: उद्धव संतराम गव्हाणे (सही)

आमच्यासमोर सही केली, तेव्हा माणूस ठीक होता:
१. बुद्धरत्न सोनकांबळे, दापोडी (सही)
२. तानुबाई कोकणे, काळेवाडी (डाव्या अंगठ्याचा ठसा)

स्थळ: काळेवाडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपार