बारा इंचांची प्लीहा

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार (गुडघे दुखतात, तेवढी दोन अंगं वजा धरा). तुमचा खोकला आता बसला असेल. मी बरा आहे. शालीबद्दल विचारलंत, ते शेवटी लिहितो.

तुमच्या बहिणीने नववीच्या मुलांना कबूल केलं होतं, की प्लीहा नुसती फळ्यावर काढणार नाही, हातात देईन. आजारपणात ते राहून गेलं. ती गेल्यावर चार महिन्यांनी तिची वही उघडली, त्यात मापं होती : लांबी १२, रुंदी ७, जाडी ४. मी जन्मभर सोफ्याच्या गाद्या शिवल्या. आमच्या धंद्यात आकडा म्हणजे इंच, वेगळं सांगावं लागत नाही. (शास्त्रात सेंटिमीटर असतात, हे तीस वर्षांच्या संसारात तिने कधी सांगितलं नाही. एवढं तरी याला कळत असेल, असं वाटलं असावं.) तिचा शब्द राहू नये म्हणून त्या मापाची प्लीहा मीच शिवली : वहीबरहुकूम आत तांबडा स्पंज भरला, त्यातून लाल नळ्या फिरवल्या, नळ्यांभोवती पांढऱ्या कापसाचे गोळे बसवले. तांबड्या भागात रक्त गाळलं जातं, पांढऱ्यात जंतू ओळखणाऱ्या पेशींची फौज असते. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणून बटणं घेतली : तरुण पेशी मऊ कापडाच्या, म्हाताऱ्या कडक प्लॅस्टिकच्या. मऊ असते ती फटीतून अंग चोरून निसटते, ताठ असते ती अडकते आणि मोडीत निघते. (हे वाचल्यापासून मी शेजाऱ्यांशी जरा नरमाईने वागतो.)

प्लीहा मांडीवर घेऊन बसने निघालो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका, उशी छान आहे हो, कुठे घेतलीत?" म्हटलं, उशी नाही, प्लीहा आहे. त्या पुढच्याच थांब्याला उतरल्या. वर्गात मी ती खुर्चीवर ठेवली आणि मुख्याध्यापिका येऊन तिच्यावरच बसल्या. मुलं हसून लोळली. बाई उठल्या, वही पाहिली, म्हणाल्या, "अहो, ही अडीचपट मोठी आहे! चुकीची वस्तू शाळेत ठेवता येणार नाही. विकतची मागवू."

ताई, मी चारचौघांत बोलत नाही, तुम्ही जाणताच. तिला लग्नाचं विचारायला आलो, तेव्हाही माझं वाक्य तुम्हीच पुरं केलंत. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "बाई, काही काही आजारांत जंतूंशी झुंजताना प्लीहा वाढते. ही आजारी नाही, कामावर आहे." (वहीतलं पान अकरा.) मग थांबताच येईना. तास संपेपर्यंत बोललो. मुलांचे हात कोपरापर्यंत आत. एका मुलीने विचारलं, "काका, जंतू मेल्यावर त्या पांढऱ्या पेशी काय करतात?" म्हटलं, काही मरतात, काही मात्र लक्षात ठेवून बसतात, वर्षानुवर्षं. त्यानंतर बराच वेळ मी चष्मा पुसत होतो.

प्लीहा आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. खाली बाईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'कामावर आहे.'

आपला,
मितभाषी मेहुणा

ता. क. प्लीहेला बाहेरून पातळ पण चिवट आवरण लागतं. प्लीहेच्या जांभळट रंगाचं तसं कापड चार दुकानांत मिळालं नाही. तिची आठवण म्हणून तुम्ही मागितलेली शाल कोणत्या रंगाची होती, ते आठवा. ओरडू नका, खोकला वाढेल.

पुन्हा ता. क. उरलेल्या तुकड्याची एक तुमच्यासाठी शिवली आहे, या खेपेला सेंटिमीटरमध्ये. तळहातावर मावते. टपालात दबेल, म्हणून पाठवत नाही (खोटं आहे, मी शिवलेलं दबत नाही). येऊन घेऊन जा, आणि चार दिवस राहा. मला बोलायची सवय लागली आहे, आणि घरात ऐकायला कोणी नाही.