उमादेवीच्या आईची टकळी

मी, चन्नबसप्पा गुरुलिंगप्पा सणगर, वय ७६ वर्षे, धंदा घोंगडी विणणे (सात वर्षांपासून बंद), राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. जन्मभर लोकरीची धूळ आत गेल्याने छाती खंगली आहे, त्याला इलाज नाही. कान दोन्ही चांगले आहेत. माझ्या कानाला मशीन आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, तरी कान चांगले आहेत असेच लिहितो. का, ते कलम चारमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी पत्नी मल्लम्मा २००९ साली वारली. मला एकच मुलगा, रुद्रेश. तो वायरमन आहे. त्याची बायको उमादेवी, आणि त्यांची मुलगी शिवांजली, जी लातूरला नर्सिंग शिकते. माझे राहते घर, पुढच्या पडवीसह, रुद्रेश आणि उमादेवी या दोघांना निम्मे-निम्मे मिळावे. सुनेचे नाव कशाला, असे विचारणाऱ्याने पुढचे वाचावे.

कलम २. माझा धाकटा भाऊ रेवणप्पा याने आपला माग मोडून सरपणात घातला. आता तो तुळजापूरला गिरणीची ब्लँकेटे हातमागाची म्हणून विकतो. यावरून आमचे बोलणे बंद आहे. त्याला मी माझी शेवटची काळी घोंगडी देतो. ती त्याने दुकानात टांगू नये. थंडीत अंगावर घ्यावी आणि ती टोचली तर आपले वडील आठवावेत.

कलम ३. माझी हत्यारे: लोकर कातरायची कात्री, पिंजायची कमान, खड्ड्यातला माग, फणी, आडवा धागा नेणारे दोन धोटे, ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावायचा कुंचा. ही सगळी उमादेवीला द्यावीत. तिला ती नको असतील हे मला माहीत आहे. बावीस वर्षांत मी तिला मागावर एकदाही बसू दिले नाही. बायांनी कातायचे आणि पुरुषांनी विणायचे, असे आमच्यात होते. का होते ते मी वडिलांना विचारले नाही, आणि तिने विचारले तेव्हा मी तिला गप्प बसवले. तरी गावात कोणी कबूल करो न करो, माझ्या घोंगडीला जे नाव होते ते तिच्या सुताला होते. असा एकसारखा, पिळाचा, न तुटणारा धागा मल्लम्मालासुद्धा कधी जमला नाही.

कलम ४. हे कलम लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

उमादेवीचे माहेर सास्तूरच्या बाजूचे. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचे घर बसले. ती नऊ वर्षांची होती. आई हरणाबाई आणि वडील दोघेही दगडांखाली गेले. ढिगारा उपसताना आईची टकळी तेवढी सापडली. बाभळीची काडी आणि खाली दगडाची चकती, तिचा एक कोपरा उडालेला. त्याच टकळीवर ती सूत काढायला शिकली आणि लग्नात तीच घेऊन आली. हे सगळे तिला सांभाळणाऱ्या चुलत्याने मला लग्न ठरवतानाच सांगितले होते. म्हणजे मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही.

२०१८ साली धाराशिवला एका संस्थेने विणकरांचा मेळावा भरवला. परदेशातून एक बाई आली होती. तिचे नाव सतुर्निना, देश पेरू. देशाचे नाव ऐकून मागे बसलेले लोक हसले. तिची भाषा केचुआ, तिचे बोलणे संस्थेची एक मुलगी आम्हाला सांगत होती. तिचा माग पाहून मी थक्क झालो. आमचा माग जमिनीत, तिचा कमरेला. एक टोक खांबाला बांधायचे, दुसरे पट्ट्याने कमरेला. मागे रेलले की ताणा ताठ, पुढे वाकले की सैल. लामा नावाच्या जनावराच्या हाडाची एक गुळगुळीत टोकदार पट्टी तिच्याकडे होती, त्या पट्टीने ती धागे उचलून दाबत होती. टकळीला ती पुश्का म्हणत होती. चालता चालता, बोलता बोलता, पुश्का हातातून लोंबत फिरतच होती.

तिने विचारले, "तुमच्यात कोण विणतं?"

मी म्हणालो, "बाया कातत्यात, आमी विणतो."

ती हसली आणि काहीतरी बोलली. ते काय, हे त्या मुलीने मला सांगितले नाही. उमादेवी माझ्या शेजारी बसून सूत काढत होती, तीही हसली. ते मला लागले. पुढचे सगळे त्यातून झाले.

शेवटी सतुर्निनाने सगळ्यांसमोर आपली पुश्का माझ्या हातात ठेवली. टाळ्या पडल्या. आता मी काय देणार, म्हणून सगळे बघू लागले. मी काही आणले नव्हते. मी बाजूला हात घातला आणि उमादेवीच्या हातातली फिरती टकळी काढून घेतली. धागा तुटला. ती म्हणाली, "मामा, माझ्या आईची हाय ती."

मी टकळी देऊन टाकली. फोटो निघाला.

घरी आल्यावर रुद्रेशने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "मला ऐकू आलं न्हाय." तो बिचारा मला सोलापूरला घेऊन गेला. तपासताना आवाज आला की बोट वर करायला सांगितले होते. मी बोट वर केले नाही. मशीन बसले. सात वर्षे मी ते घालून हिंडलो, घरात मुद्दाम 'काय, काय' म्हणून दोनदा विचारत राहिलो. मशीनच्या पैशासाठी रुद्रेशने जास्तीच्या पाळ्या केल्या, त्याची मी या कागदावर माफी मागतो.

उमादेवी त्या दिवशी म्हणाली तो शब्द न शब्द मला ऐकू आला होता. हे मी शपथेवर लिहितो.

कलम ५. त्या दिवसापासून उमादेवीने सूत काढले नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, माझे जेवणखाण आणि औषध एक दिवस चुकवले नाही. बाजारातले सूत आणून मी दोन घोंगड्या केल्या, त्या खंडोबाच्या यात्रेत एका धनगराने बोटाने चाचपून परत खाली ठेवल्या. मग मी माग बंद केला. लोकांना छातीचे कारण सांगितले.

२०२१ साली मी संस्थेच्या त्या मुलीकडून सतुर्निनाला पत्र लिहवून घेतले, की ती टकळी माझी नव्हती. वर्षाने उत्तर आले, सोबत मराठी केलेला कागद. ती टकळी तिची धाकटी बहीण वापरते, वर डोंगरात, तिच्याकडे जनावरे आहेत. बहिणीच्या हाताला ती बसली आहे. तरीही तुम्ही मागितली तर मी बहिणीला सांगेन आणि पाठवेन, असे लिहिले होते.

मागावी तर पुन्हा एका बाईच्या हातातून काढून घ्यायची. न मागावी तर ते ठरवणारा मी कोण? मी काहीच ठरवले नाही. पत्र ट्रंकेत, मल्लम्माच्या लुगड्यांखाली ठेवले. तीन वर्षे घरात कोणाला सांगितले नाही.

हे पत्र माझ्या पश्चात उमादेवीला द्यावे.

कलम ६. वरील ओळ लिहून झाल्यावर माझा हात थांबला. वरील ओळ मी रद्द करतो. कारण लिहितो.

मी तिला हाक मारली. ती पीठ मळत होती, तशीच आली. मी हा कागद तिच्यापुढे धरला आणि वाच म्हणालो. तिने हात पुढे केला नाही.

"वाचायचं काय हाय त्यात? तोंडानं सांगा."

"मेल्यावर वाचायचं हाय ते."

"मग आत्ता कशाला बोलावलं?"

मी बोलायला तोंड उघडले. ती म्हणाली, "आदी ते कानातलं काढा."

मी मशीन काढून ओट्यावर ठेवले. मग सांगितले, ऐकू आले होते ते, आणि पत्राचेही. ती दाराला टेकून उभी होती, हाताचे पीठ वाळत चालले होते. ती म्हणाली, "मामा, माझ्या आईचं तोंड मला आठवत न्हाय. आवाज बी न्हाय. टकळी फिरून फिरून भुईला टेकली की टक्कन वाजायची. तेवढंच व्हतं माझ्यापाशी."

तिने पत्र मागितले, मी ट्रंक उघडून दिले. तिने ते तिथेच वाचले. मग भिंतीवर टांगलेल्या पुश्केकडे बोट केले. "आन् ही? ही तरी तिची सोताची व्हती का? का तिनं बी कुणाच्यातरी हातातनं काढली?"

मला माहीत नाही, असे मी म्हणालो. सात वर्षे ती माझ्या भिंतीवर होती. आल्यागेल्याला मी ती कौतुकाने दाखवली. ती कोणाची, हे मला एकदाही सुचले नाही.

तिने हात धुतले, खुर्चीवर चढून पुश्का उतरवली आणि आत नेली. माफ केले असे ती म्हणाली नाही. मीही तसे विचारले नाही.

कलम ७. माझी समाधी आमच्या चालीप्रमाणे व्हावी, जंगमांना बोलवावे, भाषणे करू नयेत. मेळाव्यातला माझा फोटो लावू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शाळेच्या निवृत्त बाई दैवशाला माने यांनी करावी. त्यांनी तसे कबूल केले आहे. वकिलांनी कलम चार ते सहा गाळायला सांगितले होते. ती गाळू नयेत. वाचन रेवणप्पासमोर आणि मोठ्याने करावे.

कलम ८. परवा उमादेवी बसने धाराशिवला जाऊन आली. जाताना हातात कापडात शिवलेले पार्सल होते, येताना पोस्टाची पावती. आत पुश्का होती एवढे मला लांबीवरून कळले. सोबत तिने रात्री बसून सतुर्निनाला चार पाने लिहिली होती. आईची टकळी परत मागितली, की राहू दे म्हणाली, की फक्त विचारले, ते तिने रुद्रेशलाही सांगितलेले नाही. ती अजून सूत काढत नाही. माझे औषध वेळेवर देते.

या पार्सलाचे जे काही उत्तर येईल, कागद असो वा वस्तू, ते उमादेवीचे एकटीचे राहील. मी तेव्हा हयात असलो तरी ते माझ्यासमोर उघडण्याचे किंवा मला वाचून दाखवण्याचे तिच्यावर बंधन नाही.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर, मशीन न लावता, वाचून त्यावर सही केली.

ठिकाण: अणदूर
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: (सही) चन्नबसप्पा गुरुलिंगप्पा सणगर

आम्हा दोघांदेखत वरील सही झाली. लिहून ठेवणार यांना आम्ही हळू आवाजात विचारलेले सर्व प्रश्न ऐकू आले व त्यांनी नीट उत्तरे दिली.

साक्षीदार १: (सही) बब्रुवान दगडू घुगे, निवृत्त तलाठी, अणदूर
साक्षीदार २: (सही) अयोध्या विठ्ठल कदम, अणदूर